कान स्पष्ट, डोळे धुरकट: एका फुल प्लेट वागीश्वरीची दुरुस्ती

तक्रार नेमकी होती, त्यामुळे निम्मं काम तिथेच झालं. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातला हा तरुण फोटोग्राफर. आजोबांच्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा त्याने माळ्यावरून उतरवला, पुसला, लेन्स ते फिल्म जोडणाऱ्या चामडी भात्याच्या फाटक्या घड्यांवर काळी टेप मारली आणि आजीला खुर्चीत बसवून एक्स-रे फिल्मवर फोटो काढला. आजीच्या कुड्यांतला मोती न् मोती मोजता येत होता, डोळे मात्र धुरकट. फोकस त्याने भिंग लावून डोळ्यांवरच घेतला होता. पुन्हा काढला, पुन्हा तेच. शिवाय दोन्ही निगेटिव्हवर एका बाजूने काळपट पट्टा उतरलेला.

"काका, लेन्स गेली का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. लेन्स खराब असती तर सगळंच चित्र मऊ आलं असतं. इथे चित्रातली एक जागा अगदी धारदार होती, फक्त ती चुकीची होती. म्हणजे लेन्स आपलं काम चोख करत होती आणि फिल्म भलत्या ठिकाणी उभी होती. काळा पट्टा हे वेगळं दुखणं. दोन दुखणी एकाच निगेटिव्हवर दिसली की माणूस त्यांना एकच समजतो आणि मग महिनाभर घोळ घालतो.

कॅमेरा वागीश्वरी. केरळातल्या आलेप्पीत के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात हे कॅमेरे बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक वर्षं देशभरातल्या स्टुडिओंत ते उभे राहिले. त्यांच्या घराण्याचा धंदा मूळचा वाद्यदुरुस्तीचा. एका स्थानिक फोटोग्राफरने आपल्या परदेशी कॅमेऱ्याचा फाटलेला भाता त्यांच्याकडे दुरुस्तीला आणून दिला, आणि तिथून गाडी पूर्ण कॅमेरा बनवण्यापर्यंत गेली. पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, भाता दुरुस्त करणाऱ्याला कॅमेऱ्याचा भाता परका वाटला नसणार. लाकूड, पितळ आणि भाता घरचे. लेन्स मात्र बाहेरून आलेली. आमच्या नगावर कार्ल झाइस येनाची टेसर नावाची जर्मन लेन्स होती, ३० सेंटिमीटर, एफ ४.५ (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), शटरविना. एक्स्पोजर टोपी काढून द्यायचं, तोंडाने मोजायचं आणि टोपी परत लावायची. आजोबांनी उभी हयात तसंच केलं.

फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, १६५ बाय २१६ मिलिमीटर. एवढी निगेटिव्ह मोठी करावी लागत नाही. कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा प्रिंट काढायचा. रिटचिंगची पेन्सिल सरळ निगेटिव्हवरच चालवायची.

नातवाला दोन गोष्टी हव्या होत्या. कॅमेरा चालायला हवा आणि "नव्यासारखा चमकायला" हवा. पहिली मी मान्य केली. दुसरीवर बरीच हुज्जत झाली. असा कॅमेरा दोनच कामं करतो: नको तो प्रकाश बाहेर ठेवायचा, आणि फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेवर जिथे प्रतिमा पाहिली बरोबर तिथेच फिल्म आणून उभी करायची. बाकी सगळं फर्निचर आहे. दुरुस्तीचा क्रमही तोच असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक मात्र हटकून पितळेपासून सुरू करतात, कारण पितळ लगेच चमकतं आणि काही तरी केल्याचं समाधान मिळतं. या कॅमेऱ्याच्याही पुढच्या चौकटीचं पितळ कुणीतरी चिंचेने घासून काढलं होतं. वरचा लाखेचा थर गेला होता आणि स्क्रूंच्या खाचांत हिरवट कीट बसलं होतं.

आधी भाता. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे चित्राचा वरचा भाग म्हणजे फिल्मचा खालचा भाग. काळपट पट्टा चित्राच्या वरच्या बाजूला होता. भात्याच्या वरच्या अंगाने तिरपा शिरलेला प्रकाश फिल्मच्या खालच्या भागावर पडतो, तेव्हा शोध वरच्या कोपऱ्यांपासून सुरू केला. अंधाऱ्या खोलीत भात्यात छोटा एलईडी दिवा सोडायचा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं बसायचं, मग भाता हळूहळू लांबवत न्यायचा. एकाच ताणावर बघून भागत नाही. घडी मिटलेली असताना भोक झाकलं जातं आणि ४० सेंटिमीटरला उघडतं. पोर्ट्रेट नेमकं तिथेच काढलं जातं. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर जवळजवळ प्रत्येक घडीच्या टोकाला प्रकाश दिसला. खालचे कोपरेही फार मागे नव्हते.

दोन-चार भोकं असती तर काळ्या रंगात थोडा लवचिक गोंद मिसळून आतून ठिपके दिले असते, आणि ते वर्षानुवर्षं टिकले असते. पण इथे चामडंच कोपऱ्यांत कागदासारखं झालं होतं. वायरमनच्या टेपने त्यात भर घातली होती. ही टेप उन्हाळ्यात चिकट होऊन घसरते, काढायला जावं तर चामड्याचा पापुद्रा घेऊन निघते, आणि तिच्या जाडीमुळे घड्या नीट मिटत नाहीत. भाता नवा करायचा ठरलं.

मिरजेत पेटीची कामं करणारे एक जुने कारागीर माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे जाण्यामागे वागीश्वरीच्या कुळकथेचं आकर्षण नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. पण खरं कारण त्यांची रापी, म्हणजे चामडं खरवडायची सुरी. कोपऱ्याचं चामडं खरवडून पातळ करायला जो हात लागतो तो माझ्याकडे नाही.

तरी पेटीचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता यांत फरक आहे, आणि त्यावर चाचांशी पुष्कळ बोलणं झालं. पेटीच्या भात्याला हवा धरायची असते. त्याच्या घड्या मोजक्या आणि रुंद, सांधे जाड चामड्याचे, सगळी रचना दाबाला टिकेल अशी. कॅमेऱ्याच्या भात्यावर दाब नसतो. त्याने प्रकाश अडवायचा आणि हवा मात्र थोडी जाऊ द्यायची. तो अगदी हवाबंद केला तर झटकन मिटताना आतली हवा फिल्मला ढकलते आणि झटकन ओढताना आत खेचते. चाचांनी पहिला नमुना केला तो दणकट होता. मिटल्यावर तो इतका जाड झाला की कॅमेरा बंदच होईना.

मग हिशेब कागदावर मांडला. ३० सेंटिमीटरच्या लेन्सला दुप्पट ताण म्हणजे ६० सेंटिमीटर. भाता कधी पूर्ण ताठ करायचा नसतो, म्हणून सपाट लांबी ८० सेंटिमीटर धरली. पट्टी २ सेंटिमीटर रुंद धरली की एका बाजूला ४० पट्ट्या होतात. एका पट्टीची एकूण जाडी सव्वा मिलिमीटरच्या आत ठेवली तर मिटलेला गठ्ठा ५ सेंटिमीटरमध्ये बसतो, आणि मागच्या चौकटीत जागा तेवढीच होती. त्यावरून सगळं ठरलं: आत काळं दाट विणीचं कापड, मध्ये पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या, बाहेर खरवडलेलं बकऱ्याचं चामडं. दोन पट्ट्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट सोडायची. तिथेच घडी पडते. कोपऱ्यांत पट्ट्यांची टोकं तिरपी कापायची, नाहीतर ती एकमेकांवर चढतात आणि पुन्हा तिथेच भोकं पडतात. रेक्झिन सुचवणारे बरेच भेटतील. ते जाड असतं, आणि काही वर्षांनी घडीवर तडकतं.

चिकटवायला चपलांना लावतात ते रबरी सोल्युशन नको म्हटलं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते मऊ पडतं आणि थर सरकतात. बुक बाइंडर वापरतात तो पांढरा लवचिक गोंद पातळ करून लावला. लाकडी चौकटीला भाता जोडताना मात्र सरस वापरला. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी कुणाला तरी हा भाताही काढावा लागणारच आहे.

घड्या पाडायला सगळं जरा ओलसर असतानाच बसावं लागतं. चाचांनी ते एका बैठकीत केलं. मी बाजूला बसून कोपरे चिमटीत धरत होतो. भाता मिटून, वर वजन ठेवून दोन दिवस सोडला. पुन्हा दिवा टाकून पाहिला तर पूर्ण अंधार. पण दिव्याच्या परीक्षेवर मी थांबत नाही. डार्क स्लाइडमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या प्रकाशबंद चौकटीत, फोटोचा कागद भरला, लेन्सला टोपी लावून कॅमेरा अंगणात कडक उन्हात ठेवला, स्लाइडची झडप उघडली आणि दर मिनिटाला कॅमेरा थोडा फिरवत राहिलो. कागद डेव्हलप केल्यावर पांढरा स्वच्छ निघाला. पट्ट्याचं दुखणं संपलं.

आता कान आणि डोळे.

डोळ्यांवर फोकस आणि कान स्पष्ट, याचा अर्थ खरा फोकस विषयाच्या मागे पडतोय. अशा वेळी काही संशयित आधी बाद करावे लागतात. डार्क स्लाइड सरकवताना मागची चौकट ढकलली जात असेल तर प्रत्येक निगेटिव्हला चूक वेगळी यायला हवी. इथे ती सारखी होती. पुढची चौकट तिरकी असेल तर चित्राची डावी आणि उजवी बाजू वेगळी दिसते. ती खरंच थोडी तिरकी होती. खालच्या दातेरी पट्ट्यांपैकी डावी एक दात पुढे गेलेली होती, ती गुण्या लावून सरळ केली. पण त्याने फक्त कडेचा फरक गेला. डोळे तसेच राहिले. एक्स-रे फिल्म फक्त निळा आणि हिरवा प्रकाश पाहते, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या साध्या भिंगाने डोळ्याला दिसणारा फोकस आणि फिल्मवरचा फोकस वेगळा दिला असता. टेसरला ते लागू नाही.

राहिली काच आणि फिल्म यांची पातळी. व्हर्नियर कॅलिपरची खोली मोजणारी दांडी आणि एक पोलादी पट्टी एवढ्यावर हे मोजता येतं. डार्क स्लाइड जिथे टेकते त्या पृष्ठापासून फिल्मपर्यंतचं अंतर सरासरी ६.२ मिलिमीटर भरलं. मग काचेची चौकट. तिथे काच ६.० मिलिमीटरवर टेकत होती आणि मला वाटलं जवळजवळ बरोबर आहे, चूक फार तर ०.२ ची. एवढ्याने डोळे धुरकट होत नाहीत.

नखाने काच चाचपली. आतली, लेन्सकडची बाजू गुळगुळीत होती. खरखरीत बाजू बाहेर, आपल्या तोंडाकडे. मूळ काच कधीतरी फुटली असणार आणि कुणीतरी दुकानातून खिडकीची दुधी काच कापून आणून बसवली होती, तीही उलटी. उलटी बसवायला कारणही असतं. खरखरीत बाजूवर बोटांचे ठसे बसतात, तेव्हा ती पुसता यावी म्हणून बाहेर ठेवावीशी वाटते. हात घातलेल्या जुन्या कॅमेऱ्यांत मी हा दोष वरचेवर पाहतो.

प्रतिमा दिसते ती खरखरीत पृष्ठावर. काच २ मिलिमीटरची, म्हणजे हे पृष्ठ ८.० वर. काचेतून जाताना किरण वाकतात आणि फोकस जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे जातो, म्हणून प्रत्यक्षात ती काच ७.३ मिलिमीटरवर असल्यासारखी वागत होती. फिल्म ६.२ वर. फरक १.१ मिलिमीटर.

एवढ्याशा फरकाने काय होतं, याचा हिशेब नातवाला समोर बसवून करून दाखवला. खुर्चीतला पूर्ण माणूस फुल प्लेटवर साधारण एक अष्टमांश आकारात येतो. फिल्मच्या बाजूची चूक विषयाच्या बाजूला प्रमाणाच्या वर्गाने वाढते: आठ गुणिले आठ, चौसष्ट पट. १.१ गुणिले ६४ म्हणजे ७० मिलिमीटर. डोळ्यांच्या ७ सेंटिमीटर मागे काय असतं? त्याने स्वतःच्या डोळ्यापासून बोटाने मोजलं आणि बोट कानाजवळ पोचलं.

मग आजोबांचे फोटो कसे उत्तम आले, हा पुढचा प्रश्न रास्त होता. काच तेव्हा मूळची असेल, हे एक उत्तर. दुसरं असं की एफ १६ ला ही चूक लपते. ०.१ मिलिमीटरचा धुरकटपणा चालतो असं धरलं तर एफ ४.५ ला फिल्म जेमतेम अर्धा मिलिमीटर मागेपुढे चालते; एफ १६ ला १.६ मिलिमीटर. गावातल्या स्टुडिओत ग्रुप फोटोला लेन्स बारीक करणं भागच होतं. उलट्या काचेने कुणी दोन-चार वर्षं ग्रुप काढले असतील तर त्याला पत्ताही लागला नसेल. नातवाने लेन्स पूर्ण उघडली आणि चूक उघडी पडली.

आणखी एक पुरावा लाकडावरच होता. खालच्या सरकत्या फळीवर आजोबांनी पेन्सिलने रेघा मारून ठेवल्या होत्या: 'बस्ट', 'फुल', 'ग्रुप'. 'फुल'च्या रेघेसमोर ठरावीक अंतरावर खुर्ची असायची. स्टुडिओच्या फरशीवर तिची खूण अजून आहे, असं नातू म्हणाला. त्याला मी तिथेच प्रयोग करायला सांगितला. खुर्ची खुणेवर ठेवून काचेवर फोकस घेतला की चौकट रेघेच्या किंचित मागे थांबायची. काच न बघता, रेघेला चौकट लावून काढलेल्या निगेटिव्हवर डोळे लख्ख आले. मिलिमीटरभराच्या फरकात आजोबांची रेघ काचेपेक्षा खरी ठरली. लाकूड घासून नवं पॉलिश करायची मागणी त्याने त्यानंतर पुन्हा काढली नाही.

नवी काच घरीच केली. चित्राच्या फ्रेमला वापरतात ती २ मिलिमीटरची काच मापाने कापून आणली. ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर पाण्यात कालवून तिच्यावर काचेचा दुसरा तुकडा गोल गोल फिरवत राहायचं, अधूनमधून धुऊन उजेडाकडे धरून बघायचं. खिडकीच्या दुधी काचेचा पोत जाड असतो, त्यावर पापणीचे केस दिसत नाहीत. या काचेवर दिसतात. कोपरे तिरपे कापले म्हणजे तिथून हवा येते-जाते, आणि चित्राच्या कडा लेन्समधून कापल्या जात नाहीत ना, हे त्या फटीतून बघता येतं.

खरखरीत बाजू लेन्सकडे करून काच बसवली. ६.० आणि ६.२ मधला फरक उरला होता. एक्स-रे फिल्म पातळ, म्हणून ती पत्र्याच्या खोबणीत घालून डार्क स्लाइडमध्ये बसवावी लागते. पत्र्याची दुमडलेली कड फिल्मला तेवढी मागे नेते. काचेची प्लेट वापरायची असती तर हा फरक आला नसता. साध्या छपाईच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर, त्याच्या दोन-दोन पट्ट्या चारी बाजूंनी काचेखाली दिल्या. तीन डार्क स्लाइडपैकी दोन एकमेकींशी जुळल्या. तिसरी मधोमध अर्धा मिलिमीटर फुगलेली निघाली, ती बाजूला काढली.

लाकडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्पिरिटचा बोळा लपवलेल्या कोपऱ्यात फिरवला, थर चिकट झाला, म्हणजे मूळचं लाखेचं पॉलिश. ते खरवडायचं नाही. टर्पेंटाइनने मळ काढायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे दोन-तीन पातळ हात मलमलीच्या बोळ्याने द्यायचे. पेन्सिलीच्या रेघा सोडून, अर्थात. सरकत्या फळ्या घट्ट होत्या. एका सुताराने रंधा मारायचा सल्ला दिला. पावसाळ्यात सागवान फुगतं आणि दिवाळीनंतर बसतं. श्रावणात रंधा मारलेली फळी माघात खुळखुळते. थांबलो, मग नुसतं मेण चोळलं. दातेरी पट्ट्यांतलं वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं आणि नव्याचा नुसता वास लागेल एवढंच लावलं; जास्त ग्रीस धूळ धरतं. पितळ कापडाने पुसलं, बस.

टेसरमध्ये पुढच्या दोन भिंगांवर बुरशीचे धागे होते, बहुतेक माळ्यावरच्या पावसाळ्यांचे. लेन्स कोटिंग नसलेली, त्यामुळे जपून धुता आली. काचेवर चरे राहिले नाहीत. मागची जोडी बाल्समने चिकटवलेली आहे आणि तिच्या कडेला चंद्रकोरीएवढा भाग सुटला आहे. एफ ८ च्या पुढे तो चित्रात येत नाही. जोडी गरम करून सोडवून पुन्हा चिकटवणारे आहेत. मी नको म्हटलं. आयरिसच्या, म्हणजे लेन्सचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या, पात्यांना तेल घातलं नाही. तेल घातलेली पाती एकमेकांना चिकटतात.

शेवटची चाचणी टेबलावर काडेपेट्यांची तिरपी रांग लावून घेतली. मधल्या पेटीवर फोकस, लेन्स एफ ४.५ ला उघडी. निगेटिव्हवर मधलीच पेटी सर्वांत धारदार, पुढची आणि मागची सारखीच मऊ. नंतर आजीचा फोटो एक चतुर्थांश आकारात, नुसता चेहरा आणि खांदे. इथे भाता साडेसदतीस सेंटिमीटरवर जातो आणि प्रकाश दीडपट द्यावा लागतो, हे नातवाला ठाऊक नव्हतं; पहिली निगेटिव्ह फिकी आली ती त्यामुळे. दुसरीत डोळे, पापण्या, चष्म्याने नाकावर पडलेला वळ, सगळं आलं.

फिल्मचा प्रश्न त्याने सध्या दवाखान्यांना पुरवतात त्या आठ बाय दहाच्या एक्स-रे फिल्मवर भागवला आहे. लाल दिव्यात ती साडेसहा बाय साडेआठला कापायची. तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन, म्हणजे प्रतिमा उमटणारा नाजूक थर, असतं, ट्रेमध्ये जरा घासली की ओरखडा. ट्रेच्या तळाला काच टाकायला सांगितली आहे. इलफर्ड ही ब्रिटिश फिल्म कंपनी वर्षातून एकदा वेगळ्या मापांच्या फिल्मच्या ऑर्डर घेते आणि त्यात फुल प्लेट असते. ती परवडेल तेव्हा मागवायची असं ठरलंय. ती फिल्म आली की स्लाइडची मापं पुन्हा घ्यायची आणि काचेखालच्या कागदाच्या पट्ट्या त्यानुसार बदलायच्या. फुगलेली तिसरी डार्क स्लाइड चाचांकडे आहे. तिच्या पाठीचं जुनं कापड काढून फळी सरळ होते का, हे ते बघणार आहेत.